मुद्दा चौथ्या परिच्छेदात

सोमवारी सकाळी देवासच्या एका नमकीनच्या कारखान्यात, दोन नंबरच्या गेटापाशी, मुंबईहून आलेल्या एका बड्या गिऱ्हाइकाचा उजवा बूट ओल्या सिमेंटमध्ये रुतला तो रुतलाच. गिऱ्हाईक पुढे गेलं, बूट मागे राहिला. त्यांच्या मागोमाग बटाट्यांचा ट्रक आला, त्याची पुढची दोन्ही चाकं आत गेली, आणि ट्रकच्या मागे सकाळच्या पाळीची सगळी मंडळी डबे हातात घेऊन तमाशा बघत उभी राहिली. गेटाचं काम निघालं आहे, एक नंबरच्या गेटाने या, अशी सूचना शुक्रवारीच फळ्यावर लागली होती. ती भाऊ दफ्तरदारांनी लिहिली होती, आणि भाऊंच्या मते ती त्यांच्या उत्कृष्ट सूचनांपैकी एक होती.

भाऊ त्या कारखान्याचे प्रशासन अधिकारी. घराणं धारचं. आजे-पणजे तिथल्या दरबारात मसुदे लिहीत. संस्थान गेलं, दरबार गेला, पण मसुदा लिहिण्याची खोड दफ्तरदारांच्या रक्तातून गेली नाही. कारखान्यात दिवाळीची सुट्टी जाहीर करायची असो, की कँटीनचे ग्लास घरी नेऊ नयेत अशी विनंती असो, लिहायचं ते भाऊंनीच. देवासात सगळं हिंदीत चालतं म्हणून सूचना हिंदीत असायची, पण तिचा थाट अस्सल धारचा. ग्लासांच्या सूचनेत 'आपल्या सौजन्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नसून' असे शब्द होते. ग्लास जातच राहिले, हा भाग वेगळा.

सूचना लिहिण्याचं भाऊंचं एक शास्त्र होतं. सूचना म्हणजे पंगत. पंगतीत पहिलं पान कोणाचं, जावयाच्या शेजारी कोण, व्याह्यांना आधी वाढायचं की मामांना, हे सगळं ठरलेलं असतं आणि त्यात चूक झाली तर ती निस्तरायला पिढ्या लागतात. धारला एका मुंजीत मामांच्या आधी चुलत व्याह्यांना श्रीखंड वाढलं गेलं, तर त्या दोन घरांत अजून हळदीकुंकू चालू झालेलं नाही. असल्या गावात वाढलेला माणूस पहिल्याच ओळीत गेट कसं लिहील? म्हणून भाऊंच्या सूचनेचा पहिला परिच्छेद मोठ्या शेठजींच्या दूरदृष्टीला वाहिलेला होता. दुसऱ्यात क्वालिटी आणि पॅकिंग विभागांचा गौरव होता. तिसऱ्यात खरेदी, हिशेब वगैरे मंडळींचे आभार होते. गेट हा पहारेकऱ्यांचा विषय, म्हणजे पंगतीत अगदी दाराजवळचं पान. तेव्हा ते बंद असल्याची बातमी चौथ्या परिच्छेदात, 'तसेच'ने सुरू होणाऱ्या एका लांबलचक वाक्यात, स्वल्पविरामांच्या मागे सुरक्षित बसली होती.

मोठे शेठजी इंदूरला राहायला गेल्यापासून कारखान्याचा कारभार अंशुल सर बघत. हे मोठ्या शेठजींचे पुतणे, त्यांना ताऊजी म्हणणारे, बाहेर शिकून आलेले, चालताना बोलणारे आणि बोलताना दुसरा फोन बघणारे. त्यांनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं आणि सूचनेचा कागद पुढे ठेवला.

"भाऊ साहब, इसमें बात कहाँ है?"

भाऊंनी चौथ्या परिच्छेदावर अदबीने बोट ठेवलं.

"यहाँ तक कोई पहुँचेगा?"

"पहुँचना चाहिए, सर," भाऊ म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

अंशुल सरांनी डोळे मिटले. बूट गमावलेले गिऱ्हाईक बाहेर कोणाच्या तरी चपला घालून बसले होते, डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. पुढच्या सोमवारपासून चिवडा बदलणार होता. नव्या चिवड्यात शेंगदाणे होते. जुन्या हिरव्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नव्हता, म्हणून नवी पिवळी पाकिटं छापून आली होती. हिरव्या पाकिटात नवा चिवडा एकदा जरी भरला गेला आणि शेंगदाणा न सोसणाऱ्या एखाद्या मुलाने तो खाल्ला, तर त्या मुलाच्या जिवावर बेतेल.

"इसकी सूचना शनिवार चार बजे तक चाहिए. मैं खड़े-खड़े पढ़ूँगा. समझ में आ गई, तो ठीक. नहीं आई, तो आगे से सारी सूचनाएँ इंदौर की एजेंसी लिखेगी."

भाऊ केबिनबाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पगार, खुर्ची, पंखा सगळं राहणार होतं. फक्त लेखणी जाणार होती. दफ्तरदारांच्या मुलाने यापुढे इंदूरहून आलेला मजकूर टाचण्या लावून फळ्यावर चिकटवायचा. त्यापेक्षा बटाटे सोललेले बरे, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांना फार लागलं.

पण भाऊ खचणाऱ्यांतले नव्हेत. संध्याकाळी चहा घेता घेता त्यांनी घरात जाहीर केलं की आपण नवीन पद्धत शिकणार.

"त्यात शिकायचं काय?" त्यांची बायको प्रमोदिनी म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला उत्तराची घाई असते. "चिवड्यात दाणे आहेत, हिरवी पाकिटं वापरू नका. झालं."

"ही सूचना झाली? हा तर आरडाओरडा झाला."

"बाबा, तुम्ही ना, असं सोचा," त्यांची मुलगी वल्लरी म्हणाली. वल्लरी कॉलेजात जाते. मराठी बोलते अडीअडचणीपुरतं, आणि वाचायची वेळ आली की आईकडे बघते. "पढणारा माणूस बस पकडायला भागतोय. त्याला तुम्ही एकच वाक्य बोलू शकता. ते पहिले लिहा. मग क्यों, ते लिहा. मग, गडबड झाली तर कोणाला पूछायचं. बस, खतम."

"आणि शेठजी?"

"शेठजींना माहीत आहे ना बाबा, चिवड्यात काय आहे!"

यावर भाऊ चहा तसाच ठेवून शेजारी तुकोजीरावांकडे गेले. तुकोजीराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, भैयाला माळवी थाटात भिया म्हणणारे आणि कुठल्याही विषयावर मोफत उपलब्ध.

"भिया, एकदम सोपं आहे," ते म्हणाले. "खांबावर कवटी का लावतात? माणूस आधी डरला पाहिजे. डरला की पढतो. तुम्ही वर कवटी काढा, खाली दोन हाडं, आणि लिहा: खबरदार!"

भाऊंनी तसा एक मसुदा करून पाहिला. प्रमोदिनीने तो वाचून, चिवडा फुटतो का, एवढंच विचारलं. मसुदा केराच्या डब्यात गेला, पण तुकोजीरावांनी दुसऱ्या दिवशी कवटी नीट निघाली का म्हणून चौकशी केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः काढून आणून दिली. ती दात असलेली होती.

शेवटी भाऊंनी वल्लरीची पद्धत धरली, आणि भाऊ एखादी गोष्ट धरतात ती दोन्ही हातांनी. सूचना आधी लिहायची नाही, आधी वळण अंगात मुरलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. सकाळी उठल्याबरोबर ते म्हणाले, "चहा. कारण, उठलो आहे. शंका असल्यास येऊन बघावं." भाजीवाल्याला त्यांनी आधी 'नको' सांगितलं, मग कारण, आणि मग भाव विचारला. टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले, तर स्तोत्र-बित्र बाजूला ठेवून थेट मागणं मांडलं, त्यापाठोपाठ कारण, आणि नमस्कार सगळ्यात शेवटी. खाली उतरताना त्यांना फार हलकं वाटलं. इतकी वर्षं आपण देवीचाही वेळ घेत होतो की काय, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

या भरात त्यांनी गुरुवारी धारला फोन केला, आणि घात झाला.

धारला भाऊंची आत्या राहते, यमुनाबाई. रविवारी तिच्या नातीचा, म्हणजे चिऊचा साखरपुडा होता. सोमवारी नवा चिवडा सुरू व्हायचा, तेव्हा रविवारी कारखान्यात थांबावं लागेल असा भाऊंचा हिशेब होता. आता आत्याशी बोलायचं म्हणजे त्याला एक रीत आहे. आधी तिचे गुडघे. मग ऊन. मग तिरल्याच्या शेतातला गहू, मग नालछ्याच्या मावशींची सून कशी वागते ते, मग पुन्हा गुडघे. आणि फोन ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात, ज्यासाठी फोन केला ते. भाऊ ही रीत जन्मापासून पाळत आले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "आत्या, रविवारी आम्ही येत नाही. कारण, कारखान्यात काम आहे. अधिक माहिती प्रमोदिनीकडे मिळेल." आणि फोन ठेवला. सगळं अर्ध्या मिनिटात. त्यांनी वल्लरीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

धारला आत्याने फोन पदराने पुसून खाली ठेवला. मग तिने मुलाला, उदाजीरावांना, हाक मारली.

"उदाजी, भाऊ रुसला."

कारण शोधायला वेळ लागला नाही. साखरपुड्याचं आमंत्रण उदाजीरावांनी देवासला व्हॉट्सॅपवर पाठवलं होतं. घरचा मोठा भाचा, आणि त्याला कुंकवाचं बोट न लावता, अक्षत न देता, मोबाइलवर गणपतीचं चित्र! रुसणार नाही तर काय करेल? संध्याकाळपर्यंत भाऊंचं रुसणं धारच्या निम्म्या मराठी घरांत पोचलं. एकाने तर भाऊ फोनवर रडत होते असंही सांगितलं.

इकडे भाऊंना याची गंधवार्ता नव्हती. शनिवारी दुपारी त्यांनी एक कागद अंशुल सरांच्या पुढे धरला. सर उभे होते. कागदावर हिंदीत एवढंच होतं:

'सोमवारपासून चिवडा फक्त पिवळ्या पाकिटात भरा. हिरवं पाकीट वापरू नका.

कारण, नव्या चिवड्यात शेंगदाणे आहेत आणि हिरव्या पाकिटावर तसं छापलेलं नाही. शेंगदाणा न चालणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकतं.

मशीनवर हिरवं पाकीट दिसलं तर मशीन थांबवा आणि पॅकिंगच्या मारुतीरावांना सांगा.'

अंशुल सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दुसरा फोन खिशात ठेवला. "भाऊ साहब! ये आपने लिखा है?"

भाऊ विनयाने हसले. आतून त्यांना एखाद्या टाळीची अपेक्षा होती. पण गोष्ट इथे संपली असती तर कारखान्याला नियमावली कशाला हवी होती? पाकिटासंबंधीची कुठलीही सूचना फळ्यावर लावण्याआधी तिच्यावर तीन विभागप्रमुखांच्या सह्या लागतात, आणि त्याही पाळी सुटण्याच्या आत, म्हणजे लोक ती वाचूनच घरी जातात. हा नियम भाऊंनीच लिहिला होता. तो नियमावलीत अकराव्या पानावर होता, कारण आधीची दहा पानं प्रास्ताविकाची होती.

क्वालिटीच्या सरला मॅडमनी कागद वाचून परत केला. "शेंगदाण्याची तपासणी कोणी केली, दफ्तरदारजी? आमच्या विभागाने. त्याचा इथे एक लफ्ज नाही. मी नाही करणार सही."

खरेदीचे प्रमुख मोनू भिया. वय पन्नाशीपुढे, पण सगळे भियाच म्हणतात. "पिवळी पाकिटं कोण लाया? मैं लाया. छापखान्यात खड़ा राहून लाया. और नाम किसका? मारुती का!" त्यांनी कागदाला हातही लावला नाही.

मारुतीरावांचं तरी समाधान व्हायला हवं होतं. पण मारुतीराव म्हणाले, "नाव आहे, पण कुठे आहे? सबसे नीचे. भाऊसाहेब, तुमच्या पुरानी सूचनेत आमचा विभाग वरून दुसरा होता."

भाऊ कागद घेऊन जागेवर येऊन बसले. शास्त्र बदललं तर शास्त्राने सूड घेतला होता. पाळी सुटायला थोडाच वेळ उरला होता, अंशुल सर काचेतून बघत होते, आणि फोनवर ते इंदूरच्या एजन्सीशी बोलत असणार याबद्दल भाऊंना मुळीच शंका नव्हती. त्यांनी सरळ सरळ पराभव मोजायला घेतला होता, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"भाऊ, राग सोड रे बाबा!"

दारात आत्या. नऊवारी, हातात चांदीचा करंडा. मागे लाडवांचा डबा घेतलेले उदाजीराव, आणि त्यांच्या मागे, घराला कुलूप बघून रस्ता दाखवायला म्हणून आलेले तुकोजीराव.

"आत्या, मी रुसलो नाही," भाऊ उठून उभे राहत म्हणाले.

"रुसलेला माणूस हेच म्हणतो," आत्या म्हणाली आणि तिने भाऊंच्या कपाळाला कुंकू लावलं. "चूक आमची. उदाजीला मी सांगितलं होतं, देवासला जाऊन ये. तो म्हणाला, सगळं लिहून पाठवलंय, तारीख, वेळ, पत्ता. अरे, लिहिलेलं कळतं, पण बोलावलं असं नाही वाटत. बोलवायला जावं लागतं. सुखी रहा. गुडघे बरे आहेत माझे."

भाऊंनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. कागदात मान बसवायचा नव्हताच! कागद सांगण्यासाठी असतो. मान द्यायला पाय असतात.

त्यांनी कागद उचलला, कोट चढवला आणि निघाले. आत्याला वाटलं भाचा पुन्हा रुसून चालला, म्हणून ती करंडा घेऊन मागे निघाली. तिच्या मागे लाडू, लाडवांच्या मागे तुकोजीराव. अशी ती वरात सरला मॅडमच्या टेबलाशी पोचली.

"मॅडम," भाऊ दोन्ही हातांनी कागद पुढे धरत म्हणाले, "आपके विभाग ने जाँच नहीं की होती तो ये सूचना निकलती ही नहीं. इसलिए सबसे पहले आपके पास आया हूँ. आपके दस्तखत के बिना मैं इसे लगाऊँगा नहीं."

आत्याला यातलं शेंगदाण्याचं काही कळलं नाही, पण आमंत्रण चाललेलं तिला बरोबर कळलं. तिने पुढे होऊन मॅडमना कुंकू लावलं, हातावर अक्षत ठेवली आणि म्हणाली, "जरूर आना, बेटा." उदाजीरावांनी लाडू दिला. सरला मॅडमनी डोळे टिपले आणि सही केली.

मोनू भियांना भाऊंनी पिवळ्या रंगाबद्दल मनापासून दोन शब्द सांगितले. भियांनी सही करून वर दुसरा लाडू मागितला. मारुतीरावांपाशी पोचेपर्यंत भाऊ पूर्ण रंगात आले होते. "मारुतीराव, तुमचं नाव शेवटी का, सांगू? सगळे हात टेकतील तेव्हा ज्याला हाक मारायची, त्याचं नाव शेवटी असतं." हे वाक्य भाऊंना चालता चालता सुचलं होतं, पण मारुतीरावांची छाती फुगली आणि सही इतकी मोठी झाली की तुकोजीरावांनी वाटेत कवटीसाठी राखून ठेवायला सांगितलेली जागा भरून गेली.

पाळी सुटायच्या आत सूचना फळ्यावर लागली. लोक थांबले, वाचलं, पुढे गेले. कोणीही दुसऱ्याला, काय लिहिलंय रे, असं विचारलं नाही. भाऊ खांबाआड उभे राहून हे बघत होते, आणि लपवायचं कशाला, त्यांचे डोळे भरून आले होते. आजोबांच्या मसुद्याला दरबारात मान मिळत असेल, पण डबा घेऊन घरी निघालेल्या माणसाने चालता चालता वाचावं आणि कळावं, हे सुख आजोबांना मिळालं नसेल, असं त्यांना ठामपणे वाटलं.

इतक्या छोट्या सूचनेला रविवारी राखण काय करायची? भाऊ सहकुटुंब धारला गेले आणि पहिल्या पंगतीला बसले.

सोमवारी दुपारी कोठारातून हिरव्या पाकिटांचा एक गठ्ठा चुकून मशीनपाशी आलाच. पॅकिंगमधल्या मुलीने तो बघितला, मशीन बंद केलं आणि "मारुतीराव!" अशी हाक मारली की पलीकडच्या तळणीवरचे लोकही दचकले. मारुतीराव धावले. गठ्ठा परत गेला. एकही हिरवं पाकीट चिवड्याने भरलं नाही, आणि देवासात त्याबद्दल कोणाला काही कळलं नाही, यातच सगळं आलं.

संध्याकाळी अंशुल सर स्वतः भाऊंच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले. एकही फोन हातात नव्हता.

"भाऊ साहब, एजेंसी को मैंने मना कर दिया है."

"जी, सर."

"और एक चिट्ठी लिखवानी थी." ते जरा घुटमळले. "ताऊजी के लिए. दो नंबर गेट का काम फिर से करना पड़ेगा, ये मैंने उनको मैसेज पर बता दिया था. सीधा-सीधा. पहले बात, फिर कारण. चार दिन से मेरा फोन नहीं उठा रहे."

भाऊंनी खणातून एक मोठा ताव काढला, टेबलावर सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि वर पाहिलं.

"पहले ये बताइए सर, ताऊजी की तबीयत कैसी है?"

अंशुल सरांचा हात सवयीने फोनच्या खिशाकडे गेला आणि परत आला.

"पता नहीं," ते म्हणाले.

भाऊंनी पेनाला टोपण लावलं.

"तो चिट्ठी रहने दीजिए, सर. इंदौर जाकर पूछ आइए."